मामाचं परिपत्रक

मामाचे अर्ज मी नववीत असल्यापासून टाइप करत आले आहे. तेव्हा त्याच्याबद्दल मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मामा मालवाहतूकदार संघटनेचा सचिव. संघटनेचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली, त्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतभर फायली. सगळ्या एकाच पुलाच्या.

गोदामं नदीच्या अलीकडे, रेल्वेचा मालधक्का पलीकडे आणि मध्ये एकच अरुंद, म्हातारा पूल. समोरून गाडी आली की एकानं मागे सरकायचं. नव्या पुलाला निधी मिळावा म्हणून मामानं अकरा वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. साहेब बदलायचे, मामा तोच. "आले पूलवाले!" म्हणून शिपाई हसायचे आणि मामाही हसायचा. मला मात्र त्या शिपायांचा अजून राग येतो.

गेल्या वर्षी एक साहेब म्हणाले, "निधीचं बघतो. पण आधी मोजणी. पुलावरून रोज किती भरलेले ट्रक जातात, ते आमची माणसं आठवडाभर बसून मोजतील. तारीख सांगायची नाही, तसा नियम आहे." त्या दिवशी मामा दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढला.

महिन्याभरानं पुलाच्या खांबाला तडा दिसला. बोट आत जाईल एवढा. मामानं कचेरीला कळवलं, तर म्हणे दुरुस्तीचं खातं वेगळं. मग त्यानं त्याच दिवशी मला परिपत्रक सांगितलं : भरलेल्या गाड्या पुलावरून नेऊ नयेत, लांबच्या वळणानं न्याव्यात. वळण म्हणजे तीन तास जास्त. सभासद कुरकुरले, पण मामाचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

नेमक्या त्याच दिवसांत मोजणीवाले येऊन बसले. पत्र आलं : भरलेले ट्रक, दिवसाला चार. नव्या पुलाची गरज आढळत नाही.

"तडा पाहिला आणि मोजणी माझ्या डोक्यातूनच गेली गं," मामा म्हणाला. माझ्याही गेली होती. टाइप तर मीच केलं होतं.

पुन्हा अर्ज करून फेरमोजणी मिळवली. महिन्याभरात कधीही येतील म्हणाले. सभासद जमले. मामाचा मुलगा, आमचा दादा, स्वतः ट्रक चालवतो. तोच पुढे झाला. "बाबा, महिनाभर परिपत्रक मागे घ्या. हळू नेऊ आम्ही."

"आणि पूल बसला तर?"

"नाही नेल्या गाड्या, तर नवा पूल या जन्मात होत नाही."

परिपत्रक मागे घेतल्याच्या कागदावर मामानं सही केली. महिनाभर तो पुलाच्या तोंडाशी उभा राहून एकेक गाडी सोडत होता. जेवणाचा डबा तसाच परत यायचा.

दुसरं पत्र मीच फोडलं. भरलेले ट्रक, दिवसाला दोनशे बारा. सध्याचा पूल हा भार सुरळीत पेलत असल्याने नव्या पुलाचा प्रस्ताव बंद करण्यात येत आहे.

मी संतापानं रडले. मामानं पत्र फायलीला लावलं. मग म्हणाला, "परिपत्रक काढ. पहिलंच. तारीख आजची टाक."

मी ते खाली दारावर चिकटवलं. सभासदांनी वाचलं. एक जण वर येऊन म्हणाला, "मामा, पूल पेलतोय असं सरकारच लेखी देतंय. मग तीन तास कशाला फुकट घालवायचे?" तो काही वाईट माणूस नव्हता.

तेवढ्यात समोरच्या गोदामातून दादाची गाडी निघाली, काठोकाठ भरलेली. मामा धडपडत खाली गेला. "वळणानं जा रे!"

"सगळे पुलावरूनच जातायत बाबा. मी एकट्यानंच का लांबून जायचं?"

गाडी पुलाकडे वळली. मामा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. मी हाक मारली तर त्यानं नुसता हात वर केला. पलीकडे पोचल्याचा दादाचा फोन आल्यावर तो उठला. आता तो रोज त्या पायरीवर बसतो.