बिरोबा कोणत्या वाटेनं येणार

निम्मी ज्वारी पाखडून झाली होती, तेवढ्यात शेजारच्या म्हाळसाबाई दारात आल्या. टँकर आला असेल म्हणून मी हंडा उचलला.

"पाणी नाय गं, सत्यशीला," त्या म्हणाल्या. "नातीनं माझा देवच अडवून धरलाय. चल जरा."

त्यांच्या राजनंदिनीचं लग्न रविवारी आहे. त्यांच्या धनगरांत हळदीच्या आधी बिरोबाला ओवी म्हणून बोलावतात. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं झील धरायची, म्हणजे शेवटचे शब्द उचलून घोळवायचे. मेंढरं घेऊन वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, ज्या वाटेनं फिरायचा, तिच्यावरचा एकेक मुक्काम नाव घेऊन सांगायचा. देव त्याच वाटेनं चालत घरी येतो. मला हे पटतं. माझ्या देवालाही मी रोज नावानंच बोलावते.

म्हाळसाबाई लग्न होऊन आल्या त्या वाड्यावरच. बहात्तरच्या दुष्काळात बरीच मेंढरं मेली, उरली ती विकली, आणि नवरा-बायको शहरात गवंड्याच्या हाताखाली लागले. पुंडलिकनगरातल्या कितीतरी घरांच्या विटा त्यांनी वाहिल्यात. पुढं मुलगा अजिनाथ चितेगावच्या कंपनीत लागला. कंपनीतली माणसं घरी आली की तो आईला खुणेनं गप्प करायचा. वाड्यावरच्या बोलण्याची त्याला लाज वाटायची. मग नातवंडांशीही त्या पुस्तकातल्यासारखं बोलू लागल्या. जुनं बोलणं उरलं ते वाड्यावर सोबत फिरलेल्या वेरूळच्या जाऊबाईंशी, कडूबाईंशी; एरवी असं देवाचं निघालं की तोंडून निसटतं तेवढंच.

मी गेले तर राजनंदिनी ओवी म्हणायला बसलेली. गळा छान आहे पोरीचा. पण मुक्कामांची नावं ध्यानात राहीनात, म्हणून तिनं आपली घातली: चितेगाव, रेल्वे फाटक, पुंडलिकनगर.

"थांब!" म्हाळसाबाई म्हणाल्या. "ही नावं देवाला काय ठाव? फाटकापाशीच उभा राहील बिचारा."

"मग रिक्षा करून येईल, आजी."

"व्हय, आन् भाडं तुझा सासरा देईल!"

सगळेच हसले. मग त्या स्वतः सांगू लागल्या. लांडगेटेक, बोरपाणी... आणि थांबल्या. पुन्हा लांडगेटेकापासून धरलं, पुन्हा बोरपाण्यालाच अडल्या.

"त्याच्या पुढच्या मुक्कामाला आम्ही लोकर कातरायचो. वढा दिसतोय, बाभळी दिसतायत. नाव येईना गं." पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

"एक सोडून दे ना, आजी," राजनंदिनी हळूच म्हणाली.

"सोडलं तर तो बोरपाण्यावरच बसून राहील. तुझ्या हळदीला मग कोण येणार?"

अजिनाथनं फोन काढला. "कडूकाकूला विचारतो की."

"तिला फोनवर कुठं ऐकू येतंय? कानाशी बसून विचारावं लागतं."

"मला नाय जमणार, आई. मांडववाला यायचाय."

"तुला कोण म्हणतंय?" म्हाळसाबाईंनी माझ्याकडं बघितलं.

मी घरी येऊन उरलेली ज्वारी पाखडली. उद्या सकाळी पूजा आटोपली की म्हाळसाबाईंना आणि राजनंदिनीला घेऊन वेरूळला कडूबाईंकडं जायचंय.