दुसरी डिस्क माझ्याकडे

प्रशांत गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामावर जाताना जामुलच्या बसमध्ये होतो. सकाळच्या शिफ्टला निघालेला माणूस, सेक्टर सहाच्या वळणावर स्कूटर थांबवून खाली बसला आणि पुन्हा उठलाच नाही. फोन ठेवल्यावर मला आधी आठवली ती त्याची बायको नव्हे, पोरगीही नव्हे... आपण काल, रविवारी, त्याच्याकडे गेलो नाही, एवढंच आठवलं.

सेक्टर दोनमध्ये एकाच रांगेत आमची क्वार्टरं होती. दोघांचे वडील भंडाऱ्याकडून येऊन इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागलेले. कॉम्प्युटर फक्त त्याच्या घरी होता. दोघांनी मिळून गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम घेतला, दोन डिस्कचा. कॉम्प्युटरमध्ये जागा एवढीशी, की त्याच्या ताईचं कॉलेजचं काम आलं की गेम पुसावा लागे. मग पुन्हा पहिली डिस्क घालायची, अर्ध्यावर स्क्रीन थांबून दुसरी मागायची. मी अट घातली, "कॉम्प्युटर तुह्या घरी, तं दुसरी डिस्क माह्याजवळ राहीन. एकट्यानं खेळाचं नाही." तो लगेच "बरं" म्हणाला. त्याच्या बाबांची नाईट झालेली असली की ते दिवसा झोपत, तेव्हा आम्ही आवाज बंद करून खेळायचो. मी डिस्क शर्टाला गोल गोल पुसली की तो हातातून घ्यायचा. "गोल नको पुसू बे, ओरखडे पडतेत. मधातून बाहेर पूस." डिस्कच्या बाबतीत तो आईसारखा होता.

पुढे प्लांटची परीक्षा दोघांनी दिली. त्याचं झालं, माझं नाही. तो पेढे घेऊन आला. "पुढच्या बारीले तुह्यं होते. चाल, गेम लावू. डिस्क घे." मी म्हणालो, हरवली. डिस्क माझ्या पाठीमागच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि ती मी तिथंच ठेवतो हे त्याला माहीत होतं. त्यानं ड्रॉवरकडे पाहिलं, पेढे टेबलावर ठेवले आणि गेला. त्यानंतर आम्ही लग्नांत भेटलो, बाजारात भेटलो, एकमेकांच्या आईबापांच्या मातीला गेलो. डिस्कचा विषय त्यानं कधीच काढला नाही. त्याच्या या चांगुलपणाचा मला अजून राग येतो. एकदा शिवी दिली असती, तर मी तेव्हाच सुटलो असतो.

गेल्या उन्हाळ्यात, तो गेला त्याच्या दोन-तीन दिवस आधी, त्याचा फोन आला. आता गेम फोनवरच उतरतात, डिस्क कोणी विकतही नाही. यानं मात्र तो जुना कॉम्प्युटर नीट करून बाहेरून लावायचा ड्राइव्ह मिळवला होता. "रविवारी ये. ते हरवलेलं सापडलं असन तं घेऊन ये." मी येतो म्हणालो, आणि गेलो नाही. अडचण काहीच नव्हती. त्याच्या क्वार्टरमध्ये, त्याच्या नोकरीच्या घरात बसायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून टीव्ही बघत बसलो.

शोकसभेत मी छान बोललो. लोक म्हणाले, जिवाचा दोस्त होता... मी ते ऐकून घेतलं.

तेरवीनंतर डिस्क घेऊन त्याच्या घरी गेलो. रजनीवहिनींनी चहा केला. मग म्हणाल्या, "त्या रविवारी दुपारीच लावून बसले होते. म्हणे, अर्धं तं करून ठेवतो, तो येऊनच राहिला असन. संध्याकाळपर्यंत मशीन दुसरी डिस्क मागून राहिली होती. मीच बंद केली."

मी खिशातून डिस्क काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती बोटानं माझ्याकडे सरकवली.

"तुमची तुमच्याजवळच राहू द्या, भाऊजी. पहिली आमच्याजवळ हाये. तसंच ठरलं होतं ना तुमचं?"

डिस्क पुन्हा त्याच ड्रॉवरमध्ये आहे. काल काढून पुसली, मधातून बाहेर. तिच्यावर एकही ओरखडा नाही. पडणार कसा, इतकी वर्षं ती कोणी लावलीच नाही.