काढून ठेवलेलं गेट

"गेट खंय आसा?" मी दीनानाथला विचारलं.

"काडून दवरलां. मालकान सांगलें."

दीनानाथ हा हरमलच्या त्या रिसॉर्टचा मॅनेजर, पेडण्याचाच. तिथला स्विमिंग पूल मी बांधला होता, सर्व्हिसही माझ्याकडेच होती. पूलभोवती जाळीचं कुंपण आणि त्याला एकच गेट. सोडलं की ते आपोआप मिटतं. कडी वरच्या बाजूला, लहान मुलाचा हात पोचणार नाही अशी. गेट नसेल तर बाकीच्या कुंपणाला काही अर्थ नाही. आणि ते गेट जनरेटरच्या खोलीमागे आडवं पडलं होतं.

मालक पणजीला राहायचे. त्यांना फोन लावला.

"अहो, परवा लग्न आहे इथे," ते म्हणाले. "फोटोत ते गेट तुरुंगासारखं दिसतं. लग्न झालं की लावा."

"तोवर कोणी पडलं तर?"

"वॉचमन आहे ना!"

"मी आत्ता बसवतो. लग्नाच्या सकाळी काढा."

"त्याला हात लावू नका. तुम्ही फिल्टर बघा."

पूलजवळ वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. इथून हलायचं नाही, असं मी त्याला बजावलं. तो हो म्हणाला. मी पंपरूममध्ये जाऊन बॅकवॉश सुरू केला. बॅकवॉश म्हणजे फिल्टरमधून उलट्या दिशेनं पाणी सोडायचं, की आत अडकलेली घाण बाहेर पडते. मोटरचा आवाज मोठा होता. पण तो नसता तरी मला काही ऐकू आलं नसतं. बुडणारं लहान मूल ओरडत नाही. तोंडच पाण्यात असतं. लोक मात्र भरवशावर असतात, पडलं तर आवाज येईल म्हणून.

बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. मांडवाचे बांबू उतरवायला दीनानाथनं वॉचमनला रस्त्याकडच्या फाटकाकडे बोलावून नेलं होतं. पायऱ्यांजवळ पाण्यात काहीतरी लाल तरंगत होतं. मला आधी टॉवेल वाटला. मग केस दिसले.

शांतव्वाची रेणुका. शांतव्वा तिथे हाउसकीपिंगला होती, बेळगावकडची. नवरा साखळी गावात बांधकामावर. पोर सांभाळायला कोणी नाही, म्हणून ती रेणुकाला सोबत आणायची. आई खोल्यांतल्या चादरी बदलायची, पोर व्हरांड्यात खेळायची.

मी कपड्यांनिशी उडी मारली. तिला बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे होते, श्वास नव्हता. दीनानाथ धावत आला आणि तिचे पाय धरून तिला उलटी करायला लागला.

"खाली ठेव! आधी खाली ठेव तिला!"

उलटं टांगण्यात फक्त वेळ जातो. मी तिचं नाक चिमटीत धरून तोंडातून श्वास दिला. मग छातीवर दाब, परत श्वास. शांतव्वा शेजारी बसून जमिनीवर हात आपटत होती. शेवटी रेणुकाच्या तोंडातून पाणी आलं, ती ओकली आणि रडली. कुणाचंही रडणं मी जन्मात कधी इतक्या आनंदानं ऐकलं नव्हतं.

दीनानाथनं मालकांना फोन लावून माझ्या हातात दिला.

"रडतेय ना? मग इस्पितळ कशाला? उगाच पोलिस केस होईल."

फुप्फुसात पाणी गेलं असेल तर मूल नंतरही दगावू शकतं, हे त्यांना समजावत बसलो नाही. दोघींना व्हॅनमध्ये घातलं आणि म्हापशाचं इस्पितळ गाठलं. दीनानाथ मोटरसायकलवरून मागोमाग आलाच.

"कसल्या पाण्यात पडली?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाथरूमच्या बादलीत," दीनानाथ म्हणाला.

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "व्हय, बादलीत."

"पूलमध्ये," मी म्हणालो. "क्लोरीनचं पाणी. बाहेर काढली तेव्हा श्वास बंद होता."

डॉक्टरांनी तिला लगेच ऑक्सिजन लावला आणि ठेवून घेतलं. पोर वाचली.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मला रिसॉर्टवर बोलावलं. गेट जागेवर होतं. हवालदारानं ते ढकलून सोडलं. ते नीट मिटलं, कडीही लागली.

"चांगलं आहे की," तो म्हणाला.

"आईनंच उघडं टाकलं असणार," मालक म्हणाले. "मुलं कामावर आणू नका म्हणून कितीदा सांगायचं?"

"हे गेट उघडं राहूच शकत नाही," मी म्हणालो. "त्यासाठीच तर बसवतात."

"मग पोरगी आत गेली कशी?" हवालदारानं विचारलं.

"काल इथे गेटच नव्हतं."

हवालदारानं दीनानाथकडे बघितलं. दीनानाथनं माझ्याकडे बघितलं नाही.

"गेट आशिल्लें," तो म्हणाला. होतं म्हणे.

माझा जबाब घेतला गेला. पुढे काही झालं नाही. शांतव्वाला कामावरून काढलं. ती मला हरमलच्या बस स्टॉपवर भेटली. रेणुका कडेवर, पायाशी कपड्यांची पिशवी.

"पोरगी वाचवलासा, उपकार हाईत तुमचं," ती म्हणाली. "पर तिथं बादलीच म्हणला असतासा तर काम तरी ऱ्हायलं असतं."

आजही डॉक्टरांचा तो प्रश्न आला तर पूल असंच सांगेन. पण तिला ते कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. त्या सकाळी गेट परत काढलं होतं, असं मांडववाल्याकडून कळलं. माझी सर्व्हिस दुसऱ्या कोणाला दिली.

आता मी पूलच्या गेटाचे खांब काँक्रीटमध्ये पुरतो आणि बिजागऱ्या वेल्ड करतो. स्क्रू ठेवतच नाही. काढायचंच असेल तर कटर आणावा लागेल. मालक कुरकुरतात, काही जण कामही देत नाहीत. पण सुरक्षेवर भाषण देणं मी बंद केलंय. वेल्डिंग जास्त टिकतं.