तो भारद्वाज नव्हता

माझी अक्का आज सकाळी गेली.

तिचं लग्न एका पक्ष्याने ठरवलं होतं. आणि तो पक्षीही भलताच निघाला.

हसू नका. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा धुळ्याला, देवपुरात राहायचो, घरात अहिराणी बोलायचो. मी अक्काच्या मागे मागे फिरणारी धाकटी बहीण. आता मीही नव्वदीला टेकलेय, म्हणून मी बोलतेय आणि नात टाइप करतेय.

त्या वर्षी शाळेतल्या बाईंनी मुलींना पांझरेच्या काठी नेऊन पक्षी बघायला शिकवलं. आधी डोळा बघायचा, मग चोच, मग शेपूट. नाव सगळ्यात शेवटी.

अक्काला तेव्हापासून वेडच लागलं. परसातल्या चिमण्यासुद्धा ती नव्याने बघायला लागली. तिला पुढे शिकून त्या बाईंसारखं शिकवायचं होतं.

तेवढ्यात धरणगावचं स्थळ आलं. कापसाचा व्यापार, भरलेलं घर, आणि नवरदेव बिजवर, तिशी ओलांडलेला. आईला अजिबात पसंत नव्हतं. आबा, म्हणजे आमचे वडील, रोज हो-नाही करत होते.

पाहुणे शेवटचं उत्तर ऐकायला आले, त्या सकाळी आमच्या शेवग्यावर एक पक्षी येऊन बसला. तांबूस अंग, लांबलचक शेपूट. परसात असा पक्षी आम्ही कधी पाहिला नव्हता.

पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, भारद्वाज.

झालं. भारद्वाज दिसणं म्हणजे केवढा शुभशकुन. सगळ्यांनी हात जोडले. आबांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं.

अक्का दारात उभी होती, आईच्या लुगड्यात. तिने त्या पक्ष्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर बोलली,

"आबा, हाऊ भारद्वाज नही शे. भारद्वाजना डोया लाल ऱ्हातस. त्याना पंखच तांबडा, बाकी आंग काये कुट्ट."

आबा म्हणाले, "बठ्ठासले दिसस, तुलेच नही का?" सगळ्यांना दिसतो तो हिलाच दिसत नाही, असं.

दुपारी साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी तोच पक्षी बुलबुलाच्या घरट्यातलं पिल्लू उचलून घेऊन गेला. अक्काने आबांना हाताला धरून परसात आणलं आणि रिकामं घरटं दाखवलं. बाईंना विचारून ती नावही घेऊन आली होती. टकाचोर.

आबांनी घरटं पाहिलं. मान हलवली. म्हणाले, आता शब्द दिलाय.

म्हणजे त्यांना कळलं होतं. याचाच मला आजही राग येतो.

धरणगावला शाळा सुटली ती सुटलीच. नवरा हात उगारायचा. पहिल्या दिवाळीला ती मनगटावर वळ घेऊन आली. आबा म्हणाले, शकुन चांगला झाला होता पोरी, निभेल.

निभलं. बायकांचं निभतंच. लोक त्यालाच सुखाचा संसार म्हणतात.

शेवटची काही वर्षं अक्का माझ्याकडे होती, जळगावला. गेल्या महिन्यात नातीने मागच्या बागेतल्या एका पक्ष्याचा फोटो काढला आणि विचारत सुटली, हा कोण, हा कोण.

मी फोन अक्कापुढे धरला. तिला दिसायचं कमी झालं होतं. तिने फोटो मोठा करायला लावला.

आधी डोळा.

मग चोच.

मग शेपूट.

"हाऊच टकाचोर," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "आबाले दखाडा."

आबांना जाऊन जमाना झाला. कुणाला दाखवायचा?

आत्ता घरात दहाव्याची बोलणी चालली आहेत. घाटावर कुणी जायचं, कावळा शिवला नाही तर काय करायचं.

मी सांगून टाकलंय, कावळ्याची वाट बघत कुणी बसायचं नाही. या बाईच्या आयुष्यात एका पक्ष्याने ठरवलं तेवढं पुष्कळ झालं.

अक्का, तू बरोबर होतीस. सगळ्यांना सांगतेय मी.

ये आता.