केळुसकर मॅडमची घटनादुरुस्ती

दीड महिन्यापूर्वीची रविवार सकाळ. खारघरच्या भाजी मार्केटमध्ये मी मेथीची जुडी बघत होतो आणि मुग्धाचा फोन आला. मुग्धा ही विजया केळुसकर मॅडमची मुलगी. एरवी ती मेसेज करते, फोन सहसा करत नाही. ‘‘काका, आई गेली... पहाटे छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलला पोचेपर्यंतच...’’ भाजीवाल्या मावशींनी जुडी पिशवीत घालून दिली, तरी मी तिथेच उभा होतो.

मॅडम तळोज्याच्या एका रसायन कंपनीत प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. पण मला त्या भेटल्या आमच्या संस्थेत. रसायनशास्त्रज्ञांची ही देशभर पसरलेली संस्था. तिची नवी मुंबई शाखा मॅडमनी जवळजवळ एकटीने उभी केली. पगार नाही, ऑफिस नाही. आठवडाभर कंपनी सांभाळायची आणि शनिवारी शाखेचं काम करायचं. व्याख्यानं, कारखान्यांत सुरक्षिततेचे वर्ग, शाळांत प्रयोगांची प्रात्यक्षिकं... मी रबाळ्याच्या एका कंपनीत नवीन लागलो होतो. संस्थेचं सदस्यत्व मिळालं की नावापुढे काही अक्षरं लावता येतात, आणि त्या अक्षरांवर माझा फार जीव होता. मी शाखेत आलो तो त्यासाठीच, हे कबूल करायला हवं.

मॅडम अध्यक्ष झाल्यावर त्यांनी वार्षिक सभेत एक ठराव मांडला. सदस्य व्हायला पदवी लागायची. मॅडमचं म्हणणं, प्रयोगशाळेत पंधरा-वीस वर्षं हाताने काम केलेल्या टेक्निशियनलाही सदस्य करून घ्या. शाखेने मंजूर केला तर ठराव मुख्य कार्यालयाकडे जाणार होता. सभेत कुजबुज सुरू झाली. विरोधात बोलायला कोणी पुढे येईना, तेव्हा मी उभा राहिलो. संस्थेच्या घटनेची कलमं वाचून दाखवली, आणि असं केलं तर सदस्यत्वाला काही वजनच राहणार नाही, असं ठणकावून सांगितलं. ठराव पडला. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आता बोलणी खावी लागणार, अशी मी मनाची तयारी केली.

‘‘अभय, शाखेचा सचिव होशील का?’’

मला वाटलं, टोमणा आहे. म्हटलं, ‘‘मॅडम, मी काल तुमच्या विरोधात बोललो.’’

‘‘हो, पण घटना वाचून आला होतास. बाकीच्यांनी नुसते हात वर केले. मला वाचणारा माणूस पाहिजे.’’ आणि लगेच पुढे म्हणाल्या, ‘‘एक अट आहे. एक दिवस सुट्टी काढून तळोज्याला माझ्या लॅबमध्ये यायचं.’’

गेलो. त्यांनी मला बबन शिंदे नावाच्या टेक्निशियनच्या हवाली केलं आणि त्या आपल्या कामाला निघून गेल्या. शिंदेमामा मूळचे साताऱ्याकडचे, दहावीनंतर शाळा सुटलेले. त्यांनी माझ्यापुढे एक साधं टायट्रेशन ठेवलं. थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि रंग पालटला की थांबायचं. कॉलेजात शंभरदा केलेलं. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. शिंदेमामा शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, गडद गुलाबी झालं म्हंजे थेंब जास्ती गेला. फिक्कट आला न् टिकला, की हात आवरायचा. तुमी रंगाची वाट बघताय. थेंबाकडं बघा.’’ त्या दुपारी मॅडमनी मला डब्यातली घावनं-चटणी खायला घातली आणि सहज सांगितलं, ‘‘मी पीएच.डी. करून इथे आले, तेव्हा माझीही तीन वेळा तीन वेगळी उत्तरं आली होती. मला शिंदेमामांनीच शिकवलं.’’ ठरावाचं नावही काढलं नाही.

पुढच्या वर्षी तो ठराव मी मांडला. पुन्हा पडला, पण थोडक्यात. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती फार थोड्यांना माहीत आहे. संस्थेच्या सर्वोच्च सन्मानासाठी शाखेने मॅडमचं नाव पाठवलं होतं. मुख्य कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला, तेव्हा मी समोरच बसलो होतो. हा टेक्निशियनचा विषय सोडून द्या, तुमच्या नावाला मग कोणाची हरकत राहणार नाही, असा एकूण सूर होता. मॅडम म्हणाल्या, ‘‘सर, विषय सोडता येणार नाही. नावाचं तुम्ही बघा.’’ त्यांचं नाव त्या वर्षी आलं नाही, नंतरही कधी आलं नाही.

मी त्यांना एकदा विचारलं, वाईट नाही का वाटलं? मला वाटलं होतं, हसून उडवून लावतील. ‘‘वाटलं ना. खोटं कशाला बोलू? तो सन्मान मला हवा होता, अभय. माझ्या गाइडना मिळाला होता, तेव्हापासून हवा होता...’’ एवढं बोलून त्यांनी पुढच्या सुरक्षितता वर्गाची यादी पुढे ओढली.

तिसऱ्या वर्षी ठराव मंजूर झाला, वर मुख्य कार्यालयातही तो टिकला. आणि शाखेने टेक्निशियनसाठी सुरू केलेला पहिला पुरस्कार शिंदेमामांना मिळाला. मानपत्र मॅडमनी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं. शिंदेमामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात खाली मान घालून उभे होते. बोलायला सांगितलं तर म्हणाले, ‘‘मॅडमनी लई लिवलंय. मी फकस्त थेंब मोजले.’’ सभागृह उभं राहिलं होतं. मला माझं जुनं भाषण आठवत होतं आणि ते कोणीही मला ऐकवलं नव्हतं, मॅडमनी तर कधीच नाही. माणसाला त्याची चूक न दाखवता बदलायला वेळ द्यायचा, हे मी त्यांच्याकडून घेतलं. माझ्या हाताखालच्या लोकांशी वागताना ते रोज उपयोगी पडतं.

त्यांची एक सवय होती. व्याख्यान संपलं, ‘काही प्रश्न?’ असं विचारलं, की सभागृह गप्प व्हायचं. मोठ्या माणसांसमोर आपलं अज्ञान उघडं पडेल अशी सगळ्यांना भीती. तेव्हा पहिला हात मॅडमचा वर जायचा. प्रश्न अगदी बाळबोध. ज्याचं उत्तर त्यांना पाठ आहे, असाच. त्यानंतर मग मागच्या रांगांतून धीर करून हात वर यायचे.

त्या गेल्यानंतरचं पहिलं मासिक व्याख्यान गेल्या शनिवारी झालं. सुरुवातीला दोन मिनिटं उभे राहिलो. मुग्धाही आली होती. व्याख्यान संपलं, पाहुण्यांनी प्रश्न विचारायला सांगितलं आणि शांतता पसरली. सवयीने कितीतरी नजरा पुढच्या रांगेतल्या उजवीकडच्या खुर्चीकडे गेल्या. खुर्ची रिकामीच होती... पाहुणे कागद आवरायला लागले, तेव्हा मी हात वर केला आणि म्हटलं, ‘‘सर, तो अगदी सुरुवातीचा मुद्दा नीट कळला नाही. परत सांगाल का?’’

त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी लक्ष देऊन ऐकलं. मग मागून एका बाईंनी हात वर केला, त्यांच्या पलीकडून आणखी कोणीतरी. त्या दिवशी सभागृह बंद करायला उशीर झाला.