खांद्याला लागलेला हात

सुरतेत, लिंबायतला तो माझ्या शेजारी राहायचा. कारखान्यातही आमचे माग शेजारी होते. मागांच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून काही सांगायचं असलं की तो आधी हलकेच खांद्याला हात लावायचा.

एकदा त्याच्या कापडात डाग निघाला. शेठनं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. तो मान खाली घालून तुटलेला धागा जोडत राहिला.

संध्याकाळी भिंतीपलीकडून मार खाणाऱ्या त्याच्या बायकोचं ओरडणं ऐकू आलं. मी तणतणत गेलो. "लाज नाही वाटत?"

"तिथं हात उचलला तर रोजी जाईल, भाऊ," तो म्हणाला. "मला मोकळीक काय ती इथंच."

सकाळी नळावर बादली मागायला त्यानं सवयीनं बायकोच्या खांद्याला हात लावला. हलकेच.

तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.