आडसाली

हातकणंगले स्टेशनात गाडी येऊन उभी राहिली, तरी अप्पा माझ्या बॅगेची दोरी आवळतच होते. अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी. नवऱ्याच्या मागोमाग मी शारजाला निघाले होते. आई आधीच वारलेली, मी एकुलती एक; आता घरात अप्पा एकटेच. रडता रडता मी म्हटलं, "अप्पा, तुमी बी चला की." ते म्हणाले, "तू हो पुढं. ऊस गेला की येतोच मागनं." मी डोळे पुसले. मला ते खरंच वाटलं.

आई असती तर फणकाऱ्यानं म्हणाली असती, "चालढकल नुसती!" तिचा लाडका शब्द. मी अंघोळीला उशीर केला की चालढकल, अप्पांनी गोठ्याचे पत्रे बदलायचं पुढं ढकललं की चालढकल. लहानपणी मला वाटायचं, चालढकल म्हणजे आळस. तसं नाही हो. आळशी माणूस काहीच करत नाही. चालढकल करणारा त्या एका कामाखेरीज बाकी सगळं करतो. अप्पांनी पासपोर्ट काढला, फोटोसाठी नवा कोट शिवला, अख्ख्या भावकीला तो पासपोर्ट दाखवून झाला. मी व्हिजिट व्हिसाचं विचारलं, की मात्र कारखान्याची तोड आलेली नसायची.

तोडणीची टोळी कधी येणार, हे कारखाना ठरवतो. त्यामुळे अप्पांना कुणी बोल लावू शकत नव्हतं. आणि एकदाची तोड झाली, तरी रान कुठं रिकामं होतंय? तोडलेल्या बुडख्यांतून खोडवा फुटतो आणि वर्षात पुन्हा डोक्यावर ऊस उभा. उसातच वाढलेली मी, पण दरवर्षी नव्यानं फसायची. यंदा गेला की येतील, म्हणून त्यांच्यासाठी आणलेल्या खाटेवरची चादर बदलायची.

इकडे सगळ्याला डेडलाइन. पार्किंगचं रिन्यूअल, मुलाचा होमवर्क, ऑफिसचे रिपोर्ट. तीच घाई मी दर शुक्रवारी फोन कार्ड खरवडून अप्पांवर ओतायची. "तारीख सांगा." "सांगतो की." मला बसवत नसे. कॉर्डलेस कानाला लावून फ्लॅटभर फेऱ्या मारायची. विहिरीच्या काठावर त्यांचा पाय घसरला तर? ताप चढला तर पाणी कोण देईल? ही भीती मी त्यांना कधी सांगितली नाही, फक्त तारीख मागत राहिले. माझ्यासारखे जे गेलात, तुम्हाला हे फोन ठाऊक आहेत. आणि जे मागे राहिलात, तुम्हाला आमच्या त्या प्रश्नांत काय ऐकू येत होतं, कुणास ठाऊक.

यंदा पाऊस सुरू झाल्यावर अप्पा म्हणाले, "खोडवा मोडला. रान मोकळं झालं बघ." मी आनंदानं उडीच मारली. नवऱ्याला व्हिसाच्या कामाला लावलं. श्रावणातल्या एका शुक्रवारी अप्पांना तेच सांगायला फोन केला, तर म्हणाले, "आडसाली लावली की."

आडसाली म्हणजे दीड वर्ष रानात उभा राहणारा ऊस. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं तो लावला होता. माझा पारा चढला. "अप्पा, येणार न्हाय म्हणून सरळ सांगा. आजपासनं मी इचारत न्हाय. येऊ नका तुमी."

 

अप्पा म्हणाले, "असं तोडून बोलू नगंस, बाळ. येतो म्हणतोय न्हवं मी." त्यांचा आवाज भरून आला होता. भर बाजारात कुणालाही तोंडावर न्हाय म्हणणारा हा माणूस. पोरीला मात्र त्यांना इतकी वर्षं नाही म्हणता आलं नव्हतं, आणि मी ते एका झटक्यात म्हणून मोकळी झाले होते. मला रडू आवरेना. डोळे पुसत मी विचारलं, "उसाची जात कंची लावलीसा?" अप्पा खुलले. बेणं कुठून आणलं, सरी किती रुंद सोडली, सगळं सांगत राहिले.

तेव्हापासून मी तारीख विचारत नाही. पाणी दिलं का, कोंब कुठवर आलेत, एवढंच विचारते. फेऱ्या थांबल्या नाहीत, चैन पडत नाही ती नाहीच. पण घर म्हणजे आता माझ्यासाठी ते हिरवं रान आहे, आणि ते लावणारा माणूस दीड वर्ष तरी कुठं जायचा नाही.